भिंतीकडची रांग

पेटीवाले काका सकाळी गेले आणि दुपारी बारा वाजता चर्चच्या ऑफिसात पंचकमिटी बसली. विषय एकच होता, त्यांना पुरायचं कुठं.

आमच्या कबरस्तानात मधल्या रांगा मंडळीच्या. ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ज्यांचं नाव नोंदवहीत आहे, त्यांच्या. उसाच्या बाजूला भिंत आहे, तिच्या कडेची रांग बाकीच्यांची. बाप्तिस्म्याआधी गेलेली तान्ही बाळं तिथं आहेत. कारखान्याच्या रस्त्यावर सापडलेला एक अनोळखी माणूस तिथं आहे. काकांची बायको मधल्या रांगेत आहे. तिच्या कबरीला काकांनी स्वतःच्या हातानं पाइपाचं कुंपण केलं होतं आणि ते दोघांच्या मापाचं केलं होतं. नऊ वर्षं निम्मं कुंपण रिकामं होतं. ते कोणासाठी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वही उघडली. वहीत त्यांचं नाव नव्हतं.

"चाळीस वर्षं माणूस शेवटच्या बाकावर बसला," पाळकसाहेब म्हणाले.

"बाकावर बसणाऱ्यांची वही ठेवत न्हाई आपण, साहेब," कमिटीतले सगळ्यांत म्हातारे पंच म्हणाले. "पाण्यातनं गेलेल्यांची ठेवतो."

मी दारात उभी होते. मी कमिटीवर नाही, मला कोणी बोलावलंही नव्हतं. पण काकांचं नाव वहीत का नाही, हे त्या खोलीत पूर्णपणे मला एकटीलाच माहीत होतं, आणि मला ते बोलता येत नव्हतं. माझा धंदा बोलण्याचा. मी पत्रकं लिहिते, चौकात उभी राहून वाटते, तहसीलदाराच्या टेबलावर ठेवते. कॉलेजात होते तेव्हापासून मला शिकवलेलं एकच, अन्याय दिसला की नावानिशी लिहायचं. आणि त्या दुपारी मी दाताखाली जीभ धरून उभी होते.

हे असं का झालं ते सांगते. त्यात माझी चूक आहे. तीही सांगते.

काकांचं दुकान बाजारतळाच्या कोपऱ्यावर. पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, बादल्या, नाताळात पत्र्याचे तारे. दिवसभर हातोड्याचा आवाज. बोलायला माणूस कडू. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, कोठी जरा तिरपी वाटते," तर म्हणायचे, "कोठी सरळ हाय, तू तिरपा उभा हायस." तरुण संघानं चर्चमध्ये गिटार आणली तेव्हा तीन रविवार ते बाहेर पायरीवर बसले. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही.

पण पेटी घ्यायची तर त्यांच्याकडूनच. पेटीवर ते ऑइलपेंटनं नाव घालून देत, आणि आमच्या गल्लीतलं कोणी आलं की ब्रश बुडवून विचारत, "दोन्ही घालू?" म्हणजे शाळेतलं आणि घरातलं. आमच्याकडे बहुतेकांना दोन नावं. एक दाखल्यावरचं. दुसरं आज्यानं पवित्र शास्त्रातनं काढलेलं, ज्यानं घरात आणि चर्चमध्ये हाक मारतात. दाखल्यावरचं नाव ते पेटीच्या तोंडावर घालत, मोठं, पांढरं. घरातलं झाकणाच्या आतल्या बाजूला, लहान. पेटी उघडल्याशिवाय दिसायचं नाही.

मला हे लहानपणापासून सहन होत नव्हतं. मी बारावीनंतर नगरला शिकायला निघाले तेव्हा म्हणाले, "माझं घरातलं नाव वर घाला." त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तुझ्या बापाला विचारून ये." मी विचारायला गेले नाही. पेटीही घेतली नाही. बॅग घेऊन गेले.

ही दोन नावांची भानगड सरकारी कागदानं केली आहे, आणि मी ती सरळ सांगते. आमच्या पणज्यांना ज्या जातीत जन्मले म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्या जातीचा दाखला माणूस ख्रिस्ती झाला की जातो. कागद म्हणतो, तुझी जात गेली. गावाला ते कळवायचं मात्र राहून जातं. नगरला खोली भाड्यानं घ्यायला गेले तर मालकीण आडनाव विचारते, मग गाव विचारते, मग गावात राहायला कुठं ते विचारते, आणि मग खोली कालच गेलेली असते. माझं चर्च तिला आडवं येत नाही. माझी जात तिला चर्चच्या आरपार दिसते.

म्हणून आमच्यात एक रीत पडली आहे, जिच्याबद्दल मोठ्यानं कोणी बोलत नाही. मुलांना चर्चमध्ये न्यायचं, गाणी शिकवायची, नाताळात नाटकात मेंढपाळ करायचं, पण पाणी थांबवायचं. नोकरी लागेपर्यंत, कागद पक्के होईपर्यंत बाप्तिस्मा नाही. पंचवीस-तिशीचे बाप्ये मग ईस्टरला बाप्तिस्म्याच्या रांगेत उभे राहतात. काहींच्या मागं त्यांची स्वतःची पोरं उभी असतात.

काका त्या रांगेत कधीच आले नाहीत. त्यांची बायको मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, तिचा बाप्तिस्मा लहानपणीच झालेला. दाखले बापावरून, बापाकडच्या नात्यावरून निघतात, म्हणून काका थांबले. आधी धाकट्या भावासाठी. मग मुलासाठी. मग भावाच्या मुलींसाठी. प्रभुभोजनाची थाळी शेवटच्या बाकापर्यंत यायची, तेव्हा ते ती दोन्ही हातांनी धरत आणि पलीकडच्याला देत. स्वतः भाकरी घेत नसत; ती बाप्तिस्मा झालेल्यांची. बायको बायकांच्या बाजूनं बघायची. चर्चचं छत त्यांनी बदललं, दानपेटी त्यांनी केली, घंटेचा आकडा झिजला तो त्यांनी काढून नवा बसवला. कुठल्याच कमिटीवर त्यांचं नाव नव्हतं. लोकांना वाटायचं, माणूस मानाला भुलत नाही. मला वाटायचं, माणूस भित्रा आहे. मी तसं त्यांच्या तोंडावर म्हणालेही आहे.

पाच वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या मुलीला सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. राखीव जागा. आमच्या गल्लीतली अशी पहिलीच. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई शाळेत खिचडी शिजवते. जात पडताळणीचं प्रमाणपत्र अजून यायचं होतं. ते मुदतीत आलं नाही तर जागा जाणार होती. हे मला माहीत होतं. मुद्दाम लिहिते. मला माहीत होतं.

नाताळच्या आधी तरुण संघाचं पत्रक मी लिहिलं. मथळा होता, 'जात गेली म्हणता, मग दाखवा कुठं गेली'. चांगलं होतं पत्रक, आजही म्हणेन. मागच्या पानावर मी त्या मुलीचा फोटो घातला, नाव घातलं, खाली लिहिलं, 'आमच्या मंडळीची लेक'.

छापायच्या आधी काकांनी ते दुकानात वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"लिव्हलंयस झ्याक. पोरीचं नाव काढ."

"का? लाज वाटते?"

"लाज कशाची? कागद हाय त्यो. कागद चालत जातो. कुठं जाईल सांगता येत न्हाई."

"काका, तुम्ही घाबरलात म्हणून सगळी मंडळी आतल्या बाजूला राहिली, झाकणाखाली."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कात्री उचलली आणि पत्रा कापायला लागले. मी नाव काढलं नाही.

नाताळच्या सकाळी उपासनेनंतर चर्चच्या दारात आम्ही पत्रकं वाटली. फक्त तिथंच. बाकीची नव्या वर्षात बाजारात वाटायची होती. तोवर पडताळणीच्या ऑफिसात निनावी तक्रार गेली होती. मुलगी ख्रिस्ती आहे, दाखला खोटा आहे. सोबत पुरावा म्हणून माझं पत्रक.

याचा अर्थ नीट बघा. तक्रार करणारा त्या सकाळी चर्चमध्ये होता. आमच्याबरोबर गायला, केक खाल्ला, माझ्या हातातून पत्रक घेऊन गेला. तो कोण, हे आजही कोणाला माहीत नाही.

चौकशीचे साहेब येणार असं पत्र आलं. मुलीच्या बापानं गावातला प्रतिष्ठित साक्षीदार म्हणून काकांचं नाव दिलं होतं. मुलीची आई माझ्याशी बोलायची थांबली. मुलगी हॉस्टेलवरून फोन करायची. ती मला ताई म्हणते. म्हणायची, "ताई, तू काहीतरी लिही ना. वर कुणाला तरी." तिला अजून वाटत होतं की माझ्या लिहिण्यानं काही सुटतं.

साहेब आले त्या गुरुवारी मी दुकानात जाऊन बसले. ठरवून गेले होते. सगळं सांगणार होते, कायदा कसा चुकीचा आहे, घटनेत काय लिहिलंय, मालकीण काय म्हणाली. आत शिरल्याबरोबर काकांनी बोट दाखवलं. "त्या डब्यावर बस. विचारलं तर बोल."

साहेब साधे होते, उन्हानं वैतागलेले. सोबत एक लिहिणारा. त्यांनी पत्रक एका नव्या पेटीवर ठेवलं, हातानं सरळ केलं.

"ही मुलगी ख्रिश्चन आहे?"

"चर्चला येती," काका म्हणाले.

"म्हणजे ख्रिश्चनच."

"तसं म्हनलं तर मीबी येतो. चाळीस वर्षं. छत मी घातलंय तिथलं."

"मग तुम्ही तर आहातच की."

काकांनी हातोडा खाली ठेवला. दुकानासमोर पाचसहा माणसं जमली होती. त्यात आमचे दोन पंच होते, मुद्दाम आलेले.

"वही मागवा चर्चची," काका म्हणाले. "माझं नाव सापडलं तर पोरीचं बी धरा. माझा बाप्तिस्मा झाल्याला न्हाई. तिचाबी न्हाई. येनं येगळं, हुनं येगळं. लिव्हा तसं, मी सही करतो."

समोर कोणीतरी हसलं. कोण ते मी बघितलं नाही. मी काकांचे हात बघत होते. पत्र्यानं कापलेले, काळे, आणि पेटीवर अगदी शांत ठेवलेले. चाळीस वर्षं जी गोष्ट ते चारचौघांत कधी बोलले नाहीत, ती त्यांनी भर बाजारात, नाव-गाव-वय घालून लिहून दिली. एक शब्द खोटा नव्हता.

साहेब माझ्याकडे वळले. "पत्रक तुम्ही लिहिलंत? 'मंडळीची लेक' म्हणजे काय?"

माझ्या तोंडाशी सगळं भाषण आलं होतं. खरं उत्तर एकच होतं: ती आमची आहे, पाण्यानं काय होतंय. काका माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत विनंती नव्हती, दम होता.

"शेजारची मुलगी," मी म्हणाले. "कौतुकानं लिहिलं. विचार न करता लिहिलं."

लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं. विचार न करता. माझ्या सहीनं ते आजही कुठल्यातरी फायलीत आहे.

साहेब गेल्यावर मी तिथंच बसून राहिले. काका बराच वेळ पेटीची कडी ठोकत होते. मग म्हणाले, "या ईस्टरला मी पाणी घेनार हुतो."

मला कळेना.

"पाळकसाहेबांना सांगून ठिवलं हुतं. भावाच्या शेवटच्या पोरीचा कागद बी झाला आता. अडकनारं कुनी उरलं न्हवतं. मालकीन वाट बघून गेली. म्हनलं निदान तिच्याशेजारी तरी जाऊ." मालकीण म्हणजे त्यांची बायको.

"मग घ्या की काका. तीन महिने आहेत."

"तुला अक्कल कधी यायची गं? आज लिहून दिलं, आन् तीन म्हैन्यांनी पाण्यात उभा राहिलो, तर त्यो तक्रारवाला काय गप बसंल? म्हनंल, साक्षीदारच खोटा. पोरीची फाईल पुन्हा उघडतील." त्यांनी कडी दोनदा वाजवून बघितली. "तिला नोकरी लागू दे. पक्की हू दे. मग बघू."

"मी पाळकसाहेबांना कारण सांगते."

"कुनाला बी सांगायचं न्हाई. त्यो मानूस चर्चमधलाच हाय. तू एकाला सांगितलंस की त्याला कळलं."

त्यांनी पाळकसाहेबांना फक्त 'पुढच्या वर्षी' असं कळवलं. पाळकसाहेब दुखावले. पंच म्हणाले, भ्याला. ईस्टरच्या दिवशी थाळी शेवटच्या बाकावर आली, काकांनी दोन्ही हातांनी धरली आणि पुढं दिली. त्यांच्या शेजारी त्या दिवशी कोणी बसलं नव्हतं. त्यांना उठून पलीकडच्या बाकापर्यंत जावं लागलं. मी तिसऱ्या बाकावर होते. मीही उठले नाही.

पावसाळ्यात मुलीचं प्रमाणपत्र आलं. शिक्षण संपलं आणि गेल्या वर्षी तिला इथल्याच सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली, अजून कच्ची, कायम न झालेली. आणि या फेब्रुवारीत, पत्रा उचलताना, काका दुकानातच बसले ते उठले नाहीत.

तर ती दुपार. ऑफिसात पंखा बंद होता. खिडकीबाहेर माणसं.

"साहेबापुढं लेखी दिलंय त्यानं," म्हातारे पंच म्हणत होते. "आपल्या तोंडानं. माझा बाप्तिस्मा न्हाई. मग आपन कोन त्याला जबरदस्तीनं आत घेनारे?"

"त्यांनी मला तारीख दिली होती," पाळकसाहेब म्हणाले. "मग मागं घेतली. का ते सांगितलं नाही." आणि ते दाराकडे वळले. "तू त्यांच्या दुकानात असायचीस. तुला काही माहीत आहे?"

खोलीत सात माणसं होती. खिडकीत आणखी दहाएक. त्या नाताळच्या सकाळी ती सगळी चर्चच्या दारात होती. मी एक वाक्य बोलले असते तर काका बायकोशेजारी गेले असते. तेच वाक्य चालत पडताळणीच्या ऑफिसात गेलं असतं, आणि एका मुलीची कच्ची नेमणूक गेली असती, जिच्यासाठी त्यांनी ती जागा सोडली होती. मी खिडकीतल्या एकेका तोंडाकडे बघितलं. सगळी तोंडं दुःखी होती.

"नाही," मी म्हणाले.

काकांचा मुलगा जालन्याहून आला होता. तोही सरकारी नोकरीतला. खाली मान घालून म्हणाला, "वाद नको. भिंतीकडं तर भिंतीकडं."

चार वाजता त्यांना भिंतीकडच्या रांगेत ठेवलं. ऊस तोडून झाला होता, पलीकडचं रान उघडं पडलं होतं. शेजारची मुलगी ड्यूटीवरून तशीच आली, गणवेशावर स्वेटर घालून. तिनं मधल्या रांगेकडे बघितलं, निम्म्या रिकाम्या कुंपणाकडे बघितलं.

"ताई, जागा तर आहे की तिथं."

"कमिटीनं ठरवलं."

"आणि तू काही बोलली नाहीस?" तिचा आवाज चढला. चारजण वळून बघायला लागले. "तू? चौकात ओरडतेस ती?"

"नियम आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखते. त्याच नजरेनं मी पंधरा वर्षं काकांकडे बघत आले होते. ती माझ्यापासून लांब, दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि मातीची मूठ टाकून निघून गेली. अजून बोलत नाही.

चार दिवसांनी मुलानं दुकान आवरायला काढलं. मला बोलावलं, कारण मोजायला, उचलायला कोणी नव्हतं. मागच्या खोलीत काकांची स्वतःची पेटी होती. तोंडावर त्यांचं दाखल्यावरचं नाव, रंग उडालेला. आत पांढरा नवा सदरा, बाप्तिस्म्याला घालतात तसा, घडी न मोडलेला. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, लहान अक्षरांत, पवित्र शास्त्रातलं एक नाव. त्यांना त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. रंग ताजा नव्हता, जुनाही नव्हता. मुलगा वाकून वाचून म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं." त्यानं झाकण लावलं.

कबरीवरच्या क्रुसाला पत्र्याची पट्टी लावायची होती. मुलगा म्हणाला, दाखल्यावरचंच नाव घाल. मी काकांचा ब्रश घेतला, त्यांचाच डबा. पुढच्या बाजूला दाखल्यावरचं घातलं, मोठं. अक्षर वाईट आलं. ते असते तर म्हणाले असते, नाव सरळ हाय, तू तिरपी उभी हायस. मग पट्टी उलटी केली आणि मागच्या बाजूला पेटीतलं घातलं. ती बाजू भिंतीला आहे. कबर आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन शिरला तरच वाचता येतं.

हे बरोबर झालं असं मी म्हणत नाही. हे संतापजनक आहे. माणसाचं नाव भिंतीकडे तोंड करून उभं राहावं, अशी वेळ आणणारा कायदा चुकीचा आहे, आणि मेलेल्या माणसाला वही उघडून मोजणारी कमिटीही चुकीची आहे. हे मी लिहीत राहणार, वाटत राहणार. पण या लिखाणात मी एकही नाव घातलेलं नाही, गाव घातलेलं नाही, दवाखाना कुठला ते सांगितलेलं नाही. काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. तक्रार करणाऱ्यानं हे वाचलं तर त्याच्या हाती काही लागू नये.

त्या मुलीनं वाचलं तर तिला कळेल. तिची पेटी त्यांच्याच हातची आहे, झाकणाच्या आत काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. तिनं एकदा कबरस्तानात जावं आणि भिंतीच्या बाजूनं आत शिरावं. जागा अरुंद आहे. स्वेटर काढून जावं, पत्र्याची कड लागते.